स्टेपनीत हवा आहे ना?

प्रवासाला निघायच्या दिवशी पहाटे घरात जी धांदल उडते, तिचं वर्णन मी करायला नको. ती घरोघरी सारखीच. गॅस बंद केला का, नळ नीट फिरवला का, आईंच्या गोळ्या घेतल्या का, धाकट्याचा दुसरा बूट कुठे आहे? गेल्या मे महिन्यात पुण्याहून वेंगुर्ल्याला निघालो तेव्हाही अशीच गडबड होती. सासूबाईंच्या माहेरी, त्यांच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. आम्ही सहा जण: हे, मी, सासूबाई, अप्पा म्हणजे माझे सासरे, बारा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा. शिवाय आहेर, बाकरवडीचे पुडे आणि मुंजीच्या बटूसाठी सासूबाईंनी मुद्दाम करवून घेतलेला शिसवी पाट. एवढा सगळा संसार आमच्या व्हॅनमध्ये बसला. व्हॅन आम्ही वर्षभरापूर्वी जुनी घेतलेली. कुटुंब मोठं झालं की छोटी गाडी पुरत नाही, आणि नवी मोठी गाडी खिशाला परवडत नाही, त्यातला हा मधला मार्ग.

सामान चढवून झाल्यावर अप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक चाकाला त्यांनी पायाने हलकेच ठोकून पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "स्टेपनीत हवा पाहिलीस का रे?"

हे म्हणाले, "अप्पा, आता ट्यूबलेस टायर असतात. पंक्चर होतंच कुठे? आणि स्टेपनी काढायची तर सगळं सामान उतरवावं लागेल."

अप्पा काही बोलले नाहीत. खिडकीजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसले. तीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली आहे, त्यातली शेवटची काही वर्षं कोल्हापूर-सावंतवाडी याच रस्त्यावर. आता वय शहात्तर. हात थरथरतात म्हणून डॉक्टरांनी स्टिअरिंग हातात घ्यायला मनाई केली, तेव्हापासून ते गाडीत बसले की फारसं बोलत नाहीत.

तो एक प्रश्न आम्ही मनावर घेतला असता, तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

कोल्हापूर, निपाणी, आजरा

पुणे सोडल्यावर रस्ता उत्तम. सातारा, कऱ्हाड मागे टाकत अकराच्या सुमाराला आम्ही कोल्हापूरला पोहोचलो. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं हा सासूबाईंचा नेम. सुट्टीचे दिवस असल्यामुळे रांग मोठी होती. दर्शन होऊन जेवायला बसायला दीड वाजला. तांबडा-पांढरा रस्सा मुलांना आवडला, पण सासूबाईंना तिखट सोसेना. त्यांनी अर्धी भाकरी दह्याशी खाऊन हात धुतले. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं. ते त्यांनी नेहमीच्याच मापाने घेतलं होतं. जेवण मात्र निम्म्यावर राहिलं. ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही.

निपाणीला महामार्ग सोडून आपण उत्तूरमार्गे आजऱ्याकडे वळतो. निपाणी हे तंबाखूचं गाव. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये इथे तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं होतं. गाव कर्नाटकात असलं तरी बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. इथून पुढे रस्त्याचा नूरच बदलतो. उसाचे मळे, मग काजूच्या बागा, लाल माती, उतरती कौलं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आपल्या वासासाठी प्रसिद्ध आहे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही पाच किलो घेतला. गावाजवळच हिरण्यकेशीच्या काठी रामतीर्थ आहे. मुलांना पाण्यात पाय बुडवायचे होते, पण घड्याळात चार वाजत आले होते आणि पश्चिमेला वळवाचे ढग जमू लागले होते. आम्ही तसेच पुढे निघालो.

आजऱ्याहून आंबोली साधारण पस्तीस किलोमीटर. गवसे मागे पडलं की वस्ती विरळ होत जाते आणि दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्याजवळ येते.

फट् फट् फट्

एक उतार संपून वळण सुरू होत होतं. गाडी एकाएकी डावीकडे ओढू लागली आणि खालून फट् फट् असा आवाज यायला लागला. ह्यांचा पाय ब्रेककडे गेला असावा, कारण मागून अप्पांचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ब्रेक मारू नकोस! स्टिअरिंग सरळ धर. फक्त रेस सोड."

ह्यांनी तसंच केलं. वेग आपोआप उतरला. हे लगेच कडेला घ्यायला निघाले, तर अप्पा म्हणाले, "इथे नको. वळणावर थांबायचं नाही. हळूहळू पुढे घे."

"अप्पा, रिम खराब होईल."

"होऊ दे. रिम विकत मिळते."

माणसाच्या चालीने शंभर-दीडशे पावलं पुढे गेल्यावर रस्ता सपाट आणि सरळ झाला. तिथे डाव्या कडेला, डांबर सोडून, आम्ही थांबलो. मागचं डावं चाक पार बसलं होतं.

अप्पांनी का ओरडून सांगितलं, ते मला नंतर समजलं. टायर फुटला किंवा बसला की ती बाजू गाडीला आपल्याकडे ओढते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर गाडी गरकन फिरू शकते, उलटूही शकते. म्हणून दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायचं, रेस सोडायची, गाडीला आपणहून मंदावू द्यायचं आणि वेग अगदी कमी झाल्यावरच ब्रेकला हळुवार पाय लावायचा. आपल्या द्रुतगती महामार्गांवर मे महिन्याच्या उन्हात टायर फुटून अपघात होतात, तिथे या चार गोष्टी प्राण वाचवू शकतात.

थांबल्यावर अप्पांनी पुढची सूत्रं आपल्याकडे घेतली. चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवायला सांगितले. मुलांना रस्त्याच्या बाजूने नव्हे, डावीकडच्या सरकत्या दारातून उतरवलं आणि गाडीपासून लांब, एका आंब्याच्या झाडाखाली बसवलं. "बंद पडलेल्या गाडीत बसून राहायचं नाही, आणि गाडीच्या मागे तर उभंच राहायचं नाही," ते म्हणाले. द्रुतगती मार्गावर असाल तर लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहावं. मग त्यांनी ह्यांना लाल त्रिकोण घेऊन मागे पाठवलं, तोही गाडीजवळ नव्हे, वळणाच्या अलीकडे, येणाऱ्या गाडीला वळण घेण्यापूर्वीच दिसेल असा. पुढच्या-मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, हँडब्रेक ओढला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मग सगळं सामान उतरलं. आमच्या गाडीची स्टेपनी मागच्या बाजूला पोटाखाली लटकवलेली आहे. आतल्या एका भोकातून लांब सळई फिरवली की ती साखळीने खाली उतरते. ते भोक नेमकं कुठे आहे हे शोधण्यातच आमची दहा मिनिटं गेली, कारण वर्षभरात ते कुणी पाहिलेलं नव्हतं. स्टेपनी खाली आली. अप्पांनी वाकून तिच्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

कुणीच काही बोललं नाही. अप्पाही नाहीत. मला वाटतं, ते काही बोलले असते तर ह्यांना बरं वाटलं असतं.

एका शब्दाची गोष्ट

इथे थोडं थांबून या 'स्टेपनी'ची गोष्ट सांगते. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोडवून दुरुस्त करत बसावं लागे. वेल्समधल्या लानेली गावी टॉमस मॉरिस डेव्हिस याने १९०४ मध्ये बसलेल्या चाकावर चढवता येईल असं एक जादा चाक तयार केलं. त्याचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. खुद्द इंग्लंडात हा शब्द आता फारसा कुणाला माहीत नाही. आपल्याकडे मात्र खेड्यातल्या गॅरेजमधल्या पोरापासून सगळ्यांच्या तोंडी तो पक्का बसला आहे.

आता काळ बदलतो आहे. चाकातली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्त करण्याचा संच असेल, तर प्रवासी मोटारींना स्टेपनीशिवाय चालण्याची मुभा आपल्या नियमांनी २०२० मध्ये दिली. ट्यूबलेस टायरचा मोठा गुण असा, की खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा उपटू नये. तो तसाच ठेवून सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं. पण टायरची बाजूची भिंत चिरली, तर ट्यूबलेस असो की आणखी काही, तिथे ठिगळ लागत नाही. आमचं तसंच झालं होतं.

"काय वो पाव्हणं, पंक्चर काय?"

मोबाइलला रेंज नव्हती. पाऊण तासात दोन मोटारी गेल्या. एक थांबलीच नाही. दुसरीचा मालक थांबला, पण त्याची स्टेपनी आमच्या चाकाला बसणारी नव्हती. पाच वाजून गेले होते. ढगांमुळे उजेड लवकरच उतरू लागला होता.

तेवढ्यात आंबोलीकडून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल आली.

"काय वो पाव्हणं, पंक्चर काय?"

ह्यांनी सगळं सांगितलं. तो गाडीवरून उतरला, दोन्ही चाकं पाहिली आणि हसला. "स्टेपनी बी बसलीया व्हय! द्या ती हिकडं. हवा भराय दुकान हाय मागं. तुमी बसा माझ्या मागं, चाक मांडीवर घ्या." किटल्या रिकाम्याच होत्या. त्या त्याने सोडून आमच्या सामानाजवळ ठेवल्या. निघताना मात्र हळू आवाजात अप्पांना म्हणाला, "आजोबा, पोरास्नी लई आत जाऊ देऊ नगा. सांजच्याला गवं रस्त्यावर येत्यात."

गवे या भागात नवे नाहीत. कर्नाटकातून आलेले हत्तीही गेली वीसेक वर्षं आजरा-चंदगड परिसरात वावरत आहेत. हे मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि दोन मुलं, दोन म्हातारी माणसं घेऊन त्या झाडीत उभं राहणं वेगळं. हे मोटारसायकलवर चाक कवटाळून दिसेनासे झाले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

खरी भीती मात्र पुढेच होती.

आई गप्प का झाल्या?

सासूबाई आंब्याखाली पाटावर बसून मुलांना गोष्ट सांगत होत्या. मध्येच लेक माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतेय."

मी धावत गेले. हवा गार होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. "आई, काय होतंय?" असं विचारलं, तर त्या माझ्यावरच चिडल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर तशा कधी चिडलेल्या नाहीत. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. इन्शुलिन पुरतं, जेवण अर्धं. साखर उतरली होती.

पिशवीत अंबाबाईच्या प्रसादाचे पेढे होते. हात तिकडेच गेला. पण डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेलं आठवलं: साखर उतरली की आधी नुसती साखर द्यायची. पेढ्यात दूध-तूप असतं. त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. मुलाच्या बाटलीत अर्धं सरबत उरलं होतं. त्यात चहाच्या डब्यातली तीन चमचे साखर ढवळली आणि त्यांना घोट घोट पाजलं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तरच असं पाजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून झोपवावं आणि थेट दवाखाना गाठावा.

पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बघायचं. ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली. अप्पा सासूबाईंचा हात धरून जमिनीवर बसले होते. थरथरणारे दोन हात एकमेकांत, आणि कुणाचा कुणाला आधार ते कळत नव्हतं. हळूहळू घाम ओसरला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, तू अशी का बसलीस? चहा घेतलास का?"

मग मी त्यांना दोन पेढे आणि दोन बिस्किटं दिली. साखर वर आली की ती टिकावी म्हणून असं काही तरी पोटात जायला हवं. झाडाच्या मागे जाऊन मी डोळे पुसले.

लाल गाडी

सहाच्या सुमाराला वळणावरून ओळखीचा आवाज आला. एस.टी.! अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी हात केला नव्हता, तरी गाडी थांबली. ड्रायव्हर चाळिशीचा होता. खाली उतरून म्हणाला, "बायका-मुलांना आंबोलीपर्यंत सोडू का काका?"

अप्पांनी त्याला एक-दोन गोष्टी विचारल्या. त्या दोघांची भाषाच वेगळी. कुठला डेपो, किती वर्षं, अमुक घाटात अजून तसंच धुकं पडतं का. ड्रायव्हरचा सूर बदलला. "म्हणजे तुम्ही आमचेच की!"

सासूबाई एस.टी.त बसायला तयार होईनात. "ह्यांना इथे टाकून मी जाणार नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. मग ड्रायव्हरने विचारलं, "नट सैल केलेत का?" आम्ही प्रयत्न केला होता, पण नट हलत नव्हते. मागच्या वेळी ज्या गॅरेजमध्ये चाकं बदलली, तिथे हवेच्या यंत्राने नट इतके आवळले होते, की हातातल्या आखूड पान्याला ते दाद देत नव्हते. एस.टी.तून लांब पाईप आला. तो पान्याच्या दांड्यावर चढवला, ड्रायव्हर-कंडक्टरने मिळून भार दिला आणि पाचही नट एकेक करून कुरकुरत सुटले. पुरते काढायचे नाहीत, फक्त अर्धा फेरा सैल करायचे, तेही चाक जमिनीवर असतानाच. गाडी जॅकवर उचलल्यावर नटांशी झोंबाझोंबी केली तर गाडी जॅकवरून घसरते.

एस.टी.तले प्रवासी खिडक्यांतून डोकावत होते. उशीर झाला म्हणून एकही जण कुरकुरला नाही. एका आजीने मुलांना मूठभर करवंदं दिली.

पाटाचा उपयोग

गाडी गेली आणि दहाच मिनिटांत मोटारसायकल परत आली. हे मागे बसलेले, मांडीवर गच्च फुगलेली स्टेपनी. काळोख व्हायला फार वेळ नव्हता.

जॅक लावला, तर तो लाल मातीत रुतायला लागला. खाली काही तरी रुंद, टणक हवं होतं. आम्ही इकडेतिकडे पाहत असताना सासूबाईंनी शिसवी पाट पुढे केला.

"आई, अहो मुंजीचा पाट तो!"

"मुंज परवा आहे. चाक आज बसवायचंय."

पाटावर जॅक बसला. अप्पा एका दगडावर बसून सांगत होते आणि हे करत होते. गाडी उचलली की तिच्याखाली हात-पाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवायचं, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसेल. नट मातीत पडू नयेत म्हणून ते चाकाच्या टोपीत ठेवून टोपी लेकीच्या हातात दिली. ती दर मिनिटाला "पाच आहेत" असं सांगत होती. नवं चाक बसल्यावर नट हाताने लावायचे, मग गाडी खाली उतरवून आवळायचे, तेही ओळीने नाही, तर एक सोडून एक, समोरासमोरचे. म्हणजे चाक तिरकं बसत नाही.

शेवटचा नट आवळण्यापूर्वी हे थांबले आणि पाना अप्पांपुढे धरला. "तुम्ही एकदा बघा."

अप्पांनी पाना घेतला. हात थरथरत होते, पण नटावर तो नेमका बसला. त्यांनी भार दिला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळ."

दूधवाल्याने पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा एक पेढा घेतला आणि तो कपाळाला लावून तोंडात टाकला. दुकानदाराला ह्यांनी दिलेले पैसे तेवढेच. आम्ही निघणार, तेवढ्यात अप्पांनी ह्यांना हाक मारली, "दगड!" चाकांना लावलेले दगड रस्त्याकडेला पडले होते. ते उचलून लांब टाकल्याशिवाय त्यांनी गाडीचं दार लावू दिलं नाही. रस्त्यावर सोडलेल्या अशा दगडांवर रात्री दुचाकीवाले आपटतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

धुक्यातला घाट

आंबोलीला पोहोचलो तेव्हा अंधार होता आणि धुकं उतरलं होतं. सुमारे सातशे मीटर उंचीवरचं हे गाव महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पावसाळ्यात इथल्या धबधब्यांवर माणसांचा पूर लोटतो. हिरण्यकेशीचा उगम इथलाच. तिथल्या देवळाच्या परिसरात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा माशाचा नवा प्रकार सापडल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. वेंगुर्ल्याचं बंदर बेळगावच्या छावणीला जोडणारी जुनी इंग्रजी वाहतूक याच घाटातून चाले.

आम्ही यातलं काही पाहिलं नाही. गरम वरण-भात आणि पिठलं, एवढंच पाहिलं. सासूबाईंची साखर तपासून, त्या पोटभर जेवल्यावरच आम्ही घाटात शिरलो. "ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर," अप्पा सांगत होते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ते तापून निकामी होतात. इंजिनानेच गाडी आवरायची. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा मोह तर कधीच धरायचा नाही. धुक्यात दिवे खाली पाडायचे, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

हे सगळं ते सहज बोलत होते आणि हे ऐकत होते. बाप-लेक इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

आपणही हे करून ठेवा

सावंतवाडीला दुसऱ्या दिवशी टायरवाल्याने आमचा टायर उलटा करून दाखवला. त्याच्या भिंतीवर कंपनीच्या अक्षरांशेजारी चार आकडे होते: २३१७. म्हणजे हा टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. वरून खाचा बऱ्या दिसत होत्या, पण रबर वाळून भिंतीला भेगा पडल्या होत्या. जुनी गाडी घेताना आम्ही सीटकव्हर पाहिलं, रंग पाहिला. हे आकडे पाहिले नव्हते.

तेव्हा लांबच्या प्रवासाआधी एवढं कराच. पाचही चाकांची हवा, गाडी थंड असताना, तपासा. किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पूर्ण सामान-माणसं असतील तर मागच्या चाकांना बहुधा थोडी जास्त लागते. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या असतील तर टायर बदला. जॅक, पाना आणि स्टेपनी उतरवायची सळई कुठे आहे, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. सोबत पान्यावर चढवायला पाईपचा तुकडा, जॅकखाली ठेवायला फळी, लाल त्रिकोण, टॉर्च, जाड हातमोजे, दोरखंड, पिण्याचं पाणी आणि सिगारेट लायटरच्या जागी लावून चालणारा हवेचा छोटा पंप ठेवा. गाडी तापून वाफ येऊ लागली, तर इंजिन बंद करून ते पुरतं थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

घरात मधुमेही माणूस असेल तर साखरेची पुडी सामानात नको, त्यांच्या हातातल्या पिशवीत हवी.

मदतीचे क्रमांक कागदावर लिहून गाडीत चिकटवा. ११२ हा पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचा एकच क्रमांक. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि दुसरं कुणी अडचणीत दिसलं तर थांबा. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याच्या कचाट्यात अडकवता येत नाही, तसं संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दिलं आहे. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर नाही.

मुंज थाटात झाली. बटू पाटावर बसला तेव्हा पाटाच्या मधोमध जॅकचा गोल वळ उठलेला होता. सासूबाईंनी तो रांगोळीने झाकला नाही. जो विचारेल त्याला त्या हसून गोष्ट सांगत होत्या.

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी सोसायटीच्या आवारात अप्पांनी शाळा भरवली. आधी ह्यांनी चाक बदललं, मग मी. मला पस्तीस मिनिटं लागली, कमरेत कळ आली आणि साडीऐवजी सलवार-कमीज घातल्याबद्दल मी स्वतःलाच शाबासकी दिली. लेकीने नट मोजले. आता दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अप्पा खाली उतरतात, सोबत हवा मोजायचं यंत्र घेतलेला नातू असतो. वर येताना तो जिन्यातूनच ओरडतो,

"स्टेपनीत हवा आहे!"

आणि अप्पा मागून येत म्हणतात, "आकडा सांग. नुसतं 'आहे' चालणार नाही."